खतापासून कार्डापर्यंत

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदी आणि खंबाटकीचा घाट यांच्या दरम्यान, खंडाळा तालुका वसला आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राजमार्ग त्याच्या मधून जातो. शिरवळ-खंडाळ्याच्या माळावर आतां कारखाने उभे आहेत, आणि पावसाच्या भरंवशावर जगणाऱ्या घरांतील एखादा मुलगा तेथें महिन्याच्या पगारावर लागतो. पगार म्हटला कीं बँकेचें खातें आलें, आणि खात्यामागोमाग क्रेडिट कार्डाचें आमंत्रणही येतें. या आमंत्रणाचा अर्थ नीट कळावयाचा, तर एक जुनी हकीकत आठवावी लागते.

१२ मे १८७५ रोजीं नीरेपलीकडे, पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोष माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. कर्जखतें व वह्या हिसकावून जाळण्यांत आल्या. खताखालीं निशाणी नांगराची असे. वर काय लिहिलें आहे, तें नांगरधन्यास वाचतां येत नसे. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती व व्याज किती, हें तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. दामदुपटीचा नियम तर त्याहून प्राचीन. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज धनकोनें मागूं नये, असा त्याचा आशय आहे.

आतां बँकेकडे वळूं. ठेवीदाराचा पैसा कमी व्याजानें घ्यावा व ऋणकोस अधिक व्याजानें द्यावा, या दोन दरांतील अंतर हा बँकेचा मूळ नफा. त्यांत गैर कांहीं नाहीं. त्यांतूनच विहिरी खणल्या जातात व कारखाने चालतात. कार्डाचा धंदा मात्र निराळा आहे. येथें तारण नाहीं, जामीन नाहीं. म्हणून दर जबर. आपल्या देशांत सेंट्रल बँकेनें १९८० सालीं कार्ड काढलें, तेव्हां तें थोड्या संपन्नांची चैन होती. आतां तें पगारदाराच्या खिशांत आहे.

कार्डावर बँक तीन वाटांनीं मिळविते. पहिली वाट दुकानदाराची: प्रत्येक विक्रीमागें तो कांहीं टक्के सोडतो. दुसरी वार्षिक वर्गणीची व विलंबाच्या दंडाची. तिसरी, आणि सर्वांत रुंद, व्याजाची. मुदतींत पूर्ण बिल भरणाऱ्यास व्याज पडत नाहीं. परंतु बिलावर ‘किमान देय’ म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो, आणि खरी फसगत तेथें होते.

समजा, देणें ५०,००० रुपये आहे आणि गृहस्थानें किमान म्हणून २,५०० भरले. राहिले ४७,५००. अनेक कार्डांवरील दर महिन्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. त्या दरानें एका महिन्याचें व्याज सुमारे १,६६२ रुपये, आणि त्यावर अठरा टक्के कर सुमारे २९९. म्हणजे देणें पुन्हां ४९,४६१ वर जातें. अडीच हजार खिशांतून गेले आणि कर्ज हललें तें ५३९ रुपयांनीं! शिवाय बाकी राहिली असतां नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालूं होतें. कार्डावर रोख रक्कम काढल्यास तर सवलतीची मुदत मुळींच मिळत नाहीं. महिन्यास साडेतीन म्हणजे वर्षास बेचाळीस टक्के. चक्रवाढ बाजूस ठेवली, तरी अडीच वर्षांच्या आंत व्याज मुद्दलास गांठतें.

येथें दामदुपटीचा आधार मिळेल काय? महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यांत ती मर्यादा आहे. पण बँका त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. व्याज अवाजवी आहे, एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयानें पुन्हां उघडूं नये, अशी तरतूद बँकिंग कायद्यांत १९८४ सालीं आली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं तीस टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला. १८७९ सालीं कुणब्यास जें दार उघडलें, तें कार्डधारकास बंद आहे.

तथापि तो अगदींच निराधार नाहीं. न मागतां कार्ड देऊं नये, आणि बाकी नसतां कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकालीं काढावा, असे नियम रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घातले. बँकेनें तक्रार ऐकली नाहीं, तर तिच्या लोकपालाकडे जातां येतें.

खरें संरक्षण मात्र घरचेंच. बिल पूर्ण भरावें. भरणें शक्य नसेल, तर कार्ड बाजूस ठेवावें व कमी व्याजाचें कर्ज काढून तें देणें आधीं मिटवावें. नांगराची निशाणी करणाऱ्या पूर्वजास खत वाचतां येत नव्हतें. त्याच्या साक्षर पणतवानें तरी सहीपूर्वीं बारीक अक्षरांतील मजकूर वाचावा.