ढोकरी आणि सरडा

अंजनवेलहून बचत गटांची समन्वयक बोलतेय. आज हप्त्यांचा हिशेब बाजूला ठेवू आणि आपल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहू. एक खाडीतली ढोकरी, दुसरा कुंपणावरचा सरडा.

दोघांनाही आपण नावं ठेवतो. ढोंग्याला बगळा म्हणतो, शब्द फिरवणाऱ्याला सरडा. ढोकरी बगळ्याच्याच कुळातली. ती दाभोळ खाडीच्या चिखलात किती वेळ स्तब्ध उभी असते, ती माशासाठी. पोटासाठीच चाललेलं काम ते!

एरवी मातकट दिसणारी ढोकरी उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात. पावसाच्या तोंडावर तिची पाठ किरमिजी होते, नराची आणि मादीचीही. पुढे घरटं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं दोघं वाटून घेतात.

सरड्याच्या घरात वेगळी रीत. याच दिवसांत नराचं डोकं, खांदे लालबुंद होतात. मादी साधीच राहते. ओलसर माती उकरून अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं पहिल्या दिवसापासून आपली आपण जगतात. तिला निष्ठुर कशाला म्हणायचं? आई होण्याच्या रीती अनेक आहेत.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सरडा आहे. २०१६ साली त्याच्या गटाला शास्त्रीय नाव दिलं गेलं तेच मुळी 'सरडा', आपला मराठी शब्द! तिथल्या पवनचक्क्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. खाणाऱ्या तोंडांची गर्दी झाली, सरडे रोडावले आणि गळ्याचे रंग फिके पडले. एक धागा ओढला की असं सगळं वस्त्र हलतं.

म्हणून खारफुटीला 'नुसता चिखल' आणि सड्याला 'पडीक' म्हणताना थांबूया. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना हीच खारफुटी आणि पक्षी दाखवतात, त्यावर कमावतात. आपल्याकडेही खाडी आहे, होड्या आहेत, हात आहेत.

पुढच्या महिला ग्रामसभेत खारफुटीचा आणि सड्याचा विषय आपण मांडू. तोवर एवढं करा, सरड्यावर दगड उचलणाऱ्या पोराला जवळ बोलवा आणि सांगा, बाबा, तो आपल्या परसातले किडे खातो.