पायाला बसणारा जोडा
(गणेशपुरी येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



चर्मोद्योग हा आपल्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपणापुढे ठेवतो. ज्याला बाजारात लोफर म्हणतात तो बिननाडीचा चामडी जोडा चालताना टाचेतून का सुटतो, आणि त्यावर उपाय कोणता?

गणेशपुरीस येणाऱ्याला या जोड्याची सोय सांगावयास नको. नित्यानंदांची समाधी, भीमेश्वराचे देऊळ, ऊन पाण्याची कुंडे. प्रत्येक ठिकाणी पादत्राण उतरवावे लागते. नाडी सोडण्याबांधण्याचा खटाटोप नसलेला जोडा अशा ठिकाणी बरा वाटतो. नॉर्वेतील जोड्याच्या धर्तीवर अमेरिकेतील बास कंपनीने १९३६ साली तो विक्रीस आणला. पुढे तो आपल्याकडेही रुळला. परंतु जी त्याची सोय तीच त्याची अडचण होय. नाडीचा बूट पावलाच्या उंचवट्यावर आवळून धरता येतो. लोफरला मात्र केवळ आपल्या घडणीच्या बळावर पाऊल धरावे लागते. माप थोडे चुकले तरी टाच वर येते, कातडे घासते आणि फोड उठतो.

माप चुकते कोठे? पुष्कळदा लांबीत नव्हे, रुंदीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांचे पाऊल युरोपीय व अमेरिकन लोकांपेक्षा सामान्यतः रुंद असल्याचे तीत आढळले. आपल्या दुकानांत मात्र जोडे विलायती नंबरांनी विकले जातात. सात नंबर बोटांना आवळतो म्हणून गिऱ्हाईक आठ नंबर मागते. एका नंबराने जोड्याची लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. बोटांना जागा मिळते खरी, पण टाचेमागेही पोकळी राहते. शिवाय जोडा जेथे वाकावयाचा ती जागा पावलाच्या सांध्याच्या पुढे सरकते. पाऊल एका ठिकाणी वाकते, जोडा दुसऱ्या ठिकाणी, आणि टाच बाहेर पडते. अशा वेळी मोठा नंबर हा उपाय नव्हे. त्याच नंबरातील रुंद कालबुतावर बेतलेला जोडा शोधावा, न मिळाल्यास कारागिराकडून करवून घ्यावा.

आता खरेदीविषयी. माप सायंकाळी द्यावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल किंचित फुगते. मात्र येथील कुंडातून निघून लगेच जोडा घालून पाहू नये; ऊन पाण्याने पाऊल नेहमीपेक्षा अधिक फुगलेले असते. माप बसून नव्हे, उभे राहून द्यावे, आणि दोन्ही पायांचे द्यावे, कारण दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. जे मोठे असेल त्याप्रमाणे जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, आणि पावलाचा सर्वांत रुंद भाग जोड्याच्या रुंद भागातच पडावा. चामडे वापराने रुंदीत सैल होते, लांबीत फारसे वाढत नाही. म्हणून नवा लोफर वेदना न देता अंगास घट्ट बसलेला असावा. आरंभीच सैल असलेला पुढे अधिकच सैल होईल.

नव्या जोड्याचा तळ ताठ असतो, त्यामुळे पहिले काही दिवस टाच किंचित सुटते. तळ वाकू लागला की हा दोष बहुधा आपोआप जातो. तेवढे दिवस तो घरात थोडा थोडा वेळ वापरावा. तरीही दोष राहिला, तर प्रथम जोड्याच्या वरच्या भागाखाली, पावलाच्या उंचवट्यावर येईल अशी पातळ गादी कारागिराकडून बसवून घ्यावी. ती पाऊल मागे टाचेकडे रेटते. टाचेमागे चिकटवावयाची गादी याच्या उलट पाऊल पुढे ढकलते. बोटांपुढे जागा असेल तरच ती लावावी. जोडा सर्वच बाजूंनी किंचित सैल असल्यास आत पूर्ण तळाची पातळ चकती घालावी. चामडे पाण्यात भिजवून शेगडीवर वाळविण्याचा उपाय मात्र करू नये. त्याने चामडे कडक होऊन तडकते. आणि मुळात जोडा एक नंबराने लांब असेल, तर कोणतीही गादी त्याला आखूड करू शकत नाही.

घरातील वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट केवळ सोयीची नाही. सुटणारी टाच पायरीवर पाय घसरविते. मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंद झालेली असते. फोड उठल्याचे त्याला कळत नाही, आणि त्या फोडाची जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा वडीलधाऱ्यांची पावले रोज पाहावीत आणि सैल टाचेचा जोडा त्यांना घालू देऊ नये.

बंधुभगिनींनो, 'पायची वहाण पायीच बरी' ही म्हण आपल्या वडिलांनी अपमान म्हणून ऐकली. ती वहाण पायी नीट बसविण्यास किती विद्या लागते, याचा विचार म्हण वापरणाऱ्याने केला नसावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या, आणि येथून आक्षेप निघाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. घाटाची नक्कल दूर बसून करता येते. समोरच्या माणसाचे पाऊल हाती घेऊन त्याचा उंचवटा, सांधा आणि टाच ओळखणे दूर बसून साधत नाही.

आज आपल्या अनेक घरांतून आरी आणि रापी गेली आहे. मुले शिकली, नोकरीस लागली, याचा मला आनंदच आहे. परंतु ज्यांच्या घरी अजून वडील किंवा आजोबा हे काम जाणतात, त्यांनी या सुटीत एकदा त्यांच्याकडून पायाचे माप घ्यावयास शिकावे आणि ते वहीत उतरवून ठेवावे. जे दुकान चालवितात त्यांना माझी एवढीच विनंती, की जोडा बसत नसेल तर तसे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे. एक विक्री जाईल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याच दुकानाची पायरी चढेल.