कोलोझियम, खासबाग आणि बसायची जागा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"आयटीवर नको, आवडीच्या विषयावर बोल," असं संयोजकांनी बजावलं होतं. म्हणून आज कॉम्प्युटर बंद ठेवते आणि इतिहासाच्या सरांची परवानगी घेऊन तुम्हाला रोमला नेते.

कामानिमित्त इटलीला गेले तेव्हा कोलोझियम पाहिलं. सम्राट नीरोने तिथे आपल्या महालासाठी तळं करून घेतलं होतं. पुढे व्हेस्पेशियनने त्या जागेवर लोकांसाठी हे अँफिथिएटर बांधायला घेतलं आणि इ. स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने ते खुलं केलं. त्या वेळी शंभर दिवस खेळ चालले होते. नीरोने घेतलं ते आम्ही तुम्हाला परत दिलं, हा त्यातला संदेश.

मला भुरळ पडली ती तिथल्या दारांची. एकूण ८० दारं. कमानींवर कोरलेले क्रमांक अजून वाचता येतात. सुमारे ५० हजार माणसं आपापल्या दाराने आत जाऊन जिन्यांवरून जागेवर पोचायची. संध्याकाळचं पनवेल स्टेशन आठवा, म्हणजे हे काम किती अवघड ते कळेल!

पण हीच रचना माणसांना एकमेकांपासून दूरही ठेवायची. सिनेटर अगदी पुढे, सामान्य लोक वर, आणि बायका व गुलाम सगळ्यात वर. कोणाला कुठपर्यंत आत सोडायचं, हे आम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. रोमने ते दगडात लिहिलं होतं. फ्रान्समधल्या आर्लपासून ट्युनिशियातल्या एल जेमपर्यंत साम्राज्यात अशी दोनशेहून अधिक अँफिथिएटर होती. तिथे बसलं की प्रत्येकाला आपली पायरी कळायची.

आपल्याकडे असं काही आहे का? आहे, कोल्हापुरात. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोममधलं बांधकाम पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. १९१२ मध्ये तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक; कुठेही बसा, कुस्ती दिसते.

महाराजांनी आकार घेतला, पण आतला खेळ बदलला. अरीना म्हणजे लॅटिनमध्ये वाळू. सांडलेलं रक्त शोषायला ती पसरत. झुंजणारे बहुतेक गुलाम, कैदी नाहीतर गुन्हेगार. आपल्या तांबड्या मातीत मात्र ताक, लिंबू, हळद, तेल मिसळतात, पैलवानाच्या अंगाला इजा होऊ नये म्हणून. आणि लढतीआधी दोघं हात मिळवतात.

त्याच १९०२ मध्ये, २६ जुलैला, महाराजांचा जाहीरनामा निघाला. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. मराठीत बसायची ती जागा आणि नोकरीची तीही जागाच. रोमने जागा वाटून माणसाला त्याच्या पायरीवर ठेवलं. महाराजांनी जागा वाटून माणसाला पायरी चढू दिली. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आपल्या वेळी कबड्डीचा सामना असला की आम्ही मुली कठड्यावर बसून टाळ्या वाजवायचो. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. वरच्या रांगेतली बाई हौद्यात उतरायला इतकी वर्षं लागली! आज आपल्या लेकी कुठे बसतात, की उतरतात, हे जरा घरी जाऊन बघा.

शेवटी एक सूचना. खासबागला लागूनच असलेलं, महाराजांच्याच काळातलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत जळालं. ते पुन्हा उभारायचं काम हाती घेतलं आहे. दगड-विटा परत रचता येतात, पण प्रेक्षक आले नाहीत तर ती नुसतीच इमारत. तेव्हा पुढची सहल माथेरानला नको, कोल्हापूरला काढू. सगळे एकाच रांगेत बसू. पहिला बाक, शेवटचा बाक काही नाही. सरांनाही आमच्यातच बसवू!