वहीत न लिहिलेले पाणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानातून)

गव्हाचे पोते एका गावाहून दुसऱ्या गावी जाते तेव्हा वजन, भाव, हमाली, अडत या साऱ्यांची नोंद होते. ते पिकविण्यास लागलेल्या पाण्याची मात्र होत नाही. एक टन गव्हामागे ढोबळमानाने हजार टन पाणी खर्ची पडते. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी धान्याबरोबर देशोदेशी जाणाऱ्या या पाण्यास ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. या विचारासाठी २००८ साली त्यांना स्टॉकहोमचा जलपुरस्कार लाभला.

सौदी अरेबियात बारमाही नदी एकही नाही, पाऊसही नावापुरताच. तरीही अन्नधान्यात स्वावलंबी होण्याच्या जिद्दीने तेथील शासनाने जागतिक भावाच्या कित्येक पट दर देऊन शेतकऱ्यांकडून गहू घेतला. खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या. वाळवंटात फिरत्या तुषार यंत्रांची गोल हिरवी शेते उभी राहिली. १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत उत्पादन ४० लाख टनांच्या घरात गेले. घरची गरज भागून उरलेला गहू परदेशी विकला जाऊ लागला. जगाने कौतुक केले, आणि वरकरणी ते रास्तही होते.

पण हे पाणी कोणते? हजारो वर्षांपूर्वी, तो प्रदेश ओलसर असताना, खडकांत मुरलेले. आजच्या पावसाने त्याची भरपाई जवळजवळ होतच नाही. पावसाचे पाणी हे व्याज मानले, तर हे निव्वळ मुद्दल होते. आणि ते गव्हाच्या रूपाने, तेही पदरचे पैसे घालून, परदेशी रवाना होत होते! अल-अफलाज भागातील लैला गावाजवळची पुरातन सरोवरे उपशामुळे कोरडी पडली. त्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांस या निर्यातीतून काय लाभले, हे कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही.

२००८ मध्ये शासनाने दिशा बदलली. देशी गव्हाची खरेदी दरवर्षी घटवीत २०१६ मध्ये थांबविली. पुढे मर्यादित प्रमाणात ती पुन्हा सुरू झाली. गरजेचा बहुतांश गहू आता जहाजांनी येतो. कोरड्या देशाने पाणीदार देशाचे धान्य घ्यावे, हा व्यवहार शहाणपणाचाच होय.

चाऱ्याची गोष्ट मात्र तितकी सरळ नाही. दुभत्या गाईंसाठी लागणारे लसूणघास तेथील एका दुग्धव्यवसायी कंपनीने अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पिकविण्यास आरंभ केला. ॲरिझोना हाही वाळवंटी मुलूख! त्या ग्रामीण भागात भूजल उपशावर मोजमापही नव्हते. विहिरी आटू लागल्याची शेजाऱ्यांची ओरड वाढली आणि २०२३ मध्ये राज्याने त्या कंपनीस शासकीय जमिनीचे भाडेपट्टे संपविण्याचा निर्णय कळविला. कंपनीच्या खासगी मालकीच्या जमिनीवरील उपशाचा प्रश्न त्याने सुटला नाही.