मुलांना महासत्तांचे वैर कसे सांगावे?

(बालसंस्कार वर्गाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून मुले एकच प्रश्न विचारतात : कोण जिंकणार? रशिया भारी की अमेरिका? जणू क्रिकेटचा सामनाच. (टपरीवर आपणा मोठ्यांचेही याहून वेगळे काही चालत नाही.) पण शाळेत शीतयुद्ध शिकून आलेल्या एका मुलीने निराळेच विचारले. "आपण वंदनेत म्हणतो ते पंचशील आणि भारत-चीन करारातले पंचशील एकच का?"

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. आपले पंचशील ज्याने त्याने स्वतःच्या आचरणासाठी ग्रहण करायचे असते. २९ एप्रिल १९५४ च्या करारातले पंचशील म्हणजे दोन सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द : एकमेकांच्या सीमांचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता आणि शांततामय सहजीवन. परमपूज्य बाबासाहेबांचा त्या शब्दावर विश्वास नव्हता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते बोलले. माओंची पंचशीलावर खरी श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर आठ वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनचे सैन्य आपल्यावर चालून आले. मुले सहलीला जातात त्या देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती त्याच १९५४ सालच्या २५ डिसेंबरला, हे सांगितले की ते साल मुलांच्या ध्यानात राहते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाबासाहेब दोन्ही गटांपासून सारखेच दूर होते असे आपल्या सभांतून सांगितले जाते, ते बरोबर नाही. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना केलेल्या निवेदनातही त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली होती, आणि साम्यवादी सत्तेच्या विस्ताराची त्यांना काळजी होती. मात्र २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलताना त्यांनी मार्क्सला मोडीत काढले नाही. गरिबांचे शोषण त्यांनी खरेच मानले. त्यांचा विरोध होता तो हिंसेच्या आणि हुकूमशाहीच्या मार्गाला. मुलांना हे असेच, दोन्ही बाजूंनी सांगावे.

लहान मुलांना आम्ही रोहिणी नदीची गोष्ट सांगतो. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मान्य केलेली नाही. शाक्य आणि कोलीय यांचे भांडण पाण्यावरून होते. आपले दोघे, त्यांचे दोघे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी वाद मिटवावा, असे सिद्धार्थाने संघात सुचवले. बहुमताने ते फेटाळले. युद्धाला विरोध केला म्हणून त्याला देश सोडावा लागला. मागाहून मात्र लोक मिरवणुका काढून युद्धाविरुद्ध उभे राहिले, दोन्हीकडचे पाच-पाच प्रतिनिधी बसले आणि पाणीवाटपासाठी कायमचे लवाद मंडळ झाले.

मग मोठ्या मुलांना ऑक्टोबर १९६२ चा क्युबाचा पेच समजणे सोपे जाते. तेरा दिवस जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभे होते. रशियाने क्युबातली क्षेपणास्त्रे काढून घेतली, अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याचे वचन दिले आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे गुपचूप हलवली. हा दुसरा भाग बरीच वर्षे लपवून ठेवला होता. "लपवला का?" असे मुलांना विचारून पाहा. "नाहीतर हरले असे दिसले असते," हे उत्तर एका सहावीतल्या मुलाने दिले.

हे वैर आपल्या ताटापर्यंत आले होते, हेही सांगावे. १९६५ ते ६७ च्या टंचाईत रेशनवर अमेरिकेचा लाल गहू मिळे. अध्यक्ष जॉन्सन तो थोडाथोडा, हात राखून सोडत. भारताने शेतीचे धोरण बदलावे हा त्यात हेतू होता, तसाच व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध भारत बोलतो याचा रागही होता. दुसरीकडे पवईची आयआयटी रशियाच्या मदतीने उभी राहिली, तर कानपूरची अमेरिकेच्या. देणारे दोघेही आपापला हिशेब ठेवूनच देत होते.

तो लाल गहू खाल्लेले, रेशनच्या रांगेत उभे राहिलेले आजी-आजोबा आपल्या वस्तीत अजून आहेत. त्यांना पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता वर्गाला घेऊन या, एवढी विनंती करतो. खुर्च्यांची सोय आम्ही करू.

जयभीम, जय भारत!