साखरेच्या गोळ्या आणि आतला दाह

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद केली तर चालेल का?’ मधुमेह असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर साखरेच्या आकड्यावर संपत नाही.

रक्तात साखर सतत वाढलेली राहिली, की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्येही ती जास्त शिरते. ती जाळताना पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स प्रमाणाबाहेर तयार होतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात; त्यातून आतला दाह वाढतो. शिवाय पोटातली चरबी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. या दाहानं ताप येत नाही, काही दुखत नाही. पण इन्सुलिनचं काम अडतं आणि डोळे, मूत्रपिंडं, हृदय यांच्या रक्तवाहिन्या बिघडत जातात.

अंगानं बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे दोघांनी स्वतःच मांडलं.

आता औषधांकडे येऊ. मेटफॉर्मिनमुळे यकृत साखर कमी सोडतं; पेशींमधला ऑक्सिडेटिव्ह ताणही त्यानं घटतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. सेमाग्लुटाइडनं वजन उतरतं आणि दाह दाखवणारं सीआरपीही. एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. मधुमेहासोबत हृदयविकारही असलेल्या रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. साखरेतला फरक मात्र थोडाच होता. दाह कमी होणं हे यामागचं एक कारण असावं. हृदयावरचा भार हलका होणं हे दुसरं.

मग ऑक्सिडेटिव्ह ताण शमवणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्याच गोळ्या थेट घ्याव्यात का? साडेनऊ हजार रुग्णांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ई देऊन पाहिलेल्या ‘होप’ चाचणीचा निकाल २००० साली लागला. हृदयविकार टळले नाहीत. त्या रुग्णांत एक तृतीयांशाहून अधिक मधुमेही होते. म्हणून जाहिरात पाहून अशा बाटल्यांवर पैसे घालू नका.

साखर आटोक्यात आली, ती बहुधा गोळी चालू आहे म्हणूनच. ती स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना जपणारं औषध कोणतं?’ मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. आणि रोज चाला, कारण चालण्यानं साखर आणि दाह दोन्ही उतरतात.