पाय दुखतोय म्हणणाऱ्या मुलाचं रक्त तपासा
(उपकारस्तुतीच्या सभेतील भाषण)



आपल्या दवाखान्याचं काम सांगा, असं पाळकसाहेब म्हणाले. सगळंच सांगत बसले तर प्रीतिभोजन थंड होईल, म्हणून आज एकाच दुखण्याविषयी बोलते.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून आमच्याकडे सांधेदुखीचे पुष्कळ लोक येतात. म्हाताऱ्यांचे गुडघे झिजलेले असतात. मोळ्या आणि हंडे वाहून बायांच्या कमरा धरलेल्या असतात. त्यांना आम्ही व्यायाम शिकवतो, लागलीच तर गोळी देतो. पण बारा-पंधरा वर्षांचं पोर हातपाय दुखतात म्हणून वारंवार रडत आलं, की आधी त्याचं रक्त तपासतो. कारण इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत, तसंच गडचिरोलीच्या गोंड-माडियांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो.

या आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळ येते. घरचे म्हणतात, वात आहे, नाहीतर कुणीतरी काही केलंय. शाळेत म्हणतात, पोर कामचुकार आहे. त्या पोराच्या वेदनेवर कुणी विश्वासच ठेवत नाही.

खेळताना पाय मुरगळला तर आपण बर्फ लावतो, आणि ते बरोबर आहे. सिकलसेलच्या कळेत मात्र बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि कळ वाढते. इथे ऊब हवी, भरपूर पाणी हवं, विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक हवं. सोबत ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

दुसरी भीती बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या सुईची. त्या सुईत स्टिरॉईड असेल तर दोन दिवस बरं वाटतं, पण नंतर कळ उलटू शकते. दुखण्याच्या गोळ्या मनाने खात राहिलं तर मूत्रपिंडावर परिणाम होतो, आणि या आजारात ती आधीच नाजूक असतात.

तिसरी गोष्ट खुब्याची. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की तो आतून मरू लागतो. दुखणं खुब्यात, पण पोर हात ठेवतं गुडघ्यावर! म्हणून गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि तो चांगला दिसतो. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा वेळेत तपासला, तर त्यावरचा भार कमी करून किंवा छोट्या शस्त्रक्रियेने सांधा वाचवण्याची संधी असते. उशीर झाला तर सांधा बदलण्याचीच वेळ येते, आणि कोवळ्या वयात बसवलेला सांधा जन्मभर पुरत नाही.

आता आनंदाची बातमी. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज घेतली की पुष्कळ मुलांच्या कळा कमी होतात. तिच्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, आणि गरोदरपणात ती चालत नाही. सरकारनेही १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजाराची असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असं आम्ही पाड्यापाड्यावर सांगतो.

मग अडतं कुठे? जीपच्या भाड्यापाशी. बुडणाऱ्या मजुरीपाशी. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं आणि पोराची कॅप्सूल सुटते, तिथेही.

चार जणांनी आपल्या पक्षाघाती मित्राला बाजेसकट उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे सोडलं, ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. त्या चौघांना रोग बरा करता येत नव्हता. त्यांनी त्याला तिथवर पोहोचवलं.

आपल्या दानातून आम्ही तेच करतो. रुग्णाचं आणि सोबत्याचं भाडं देतो, ऊसतोडीला निघताना पुढची तपासणी येईपर्यंतच्या कॅप्सूल आणि तपासणीचा कागद हाती देतो, आश्रमशाळेच्या शिक्षकांना कळेची लक्षणं शिकवतो. आपल्यापैकी कुणी शिक्षक असाल, तर सुटीत या. आणि वर्गात एखादं पोर पाय धरून बसलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या.

त्या मुलांना प्रार्थनेत आठवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.